मिसळीवर सोडलेलं पाणी

३ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
आजचा खेळ पुन्हा बिघडला. दर रविवारी दुपारी आम्ही चौघं माझ्या दुकानाच्या माडीवर बसतो. मी गोष्ट चालवणारा, म्हणजे गेममास्तर. त्रिशला, जोतीराम आणि संयोगिता एकेक पात्र घेऊन खेळतात. फासे टाकायचे, राक्षस मारायचे आणि दिवस मावळायच्या आत उठायचं, कारण त्रिशला अंधारात जेवत नाही. (बायको उठली की खेळ उठतो. हा नियम मी केलेला नाही.)

जादूचे नियम इंग्रजी पुस्तकातले. त्यात जादूगार एक झोप काढतो आणि वापरलेले सगळे मंत्र त्याला परत मिळतात. जोतीरामचा जादूगार भैरोजी आज गुहेत शिरायच्या आधी झोपला, गुहेत झोपला आणि बाहेर आल्यावर दमला म्हणून झोपला. संयोगिता कॉलेजात फिजिक्स शिकवते. ती म्हणाली, फुकटात एनर्जी मिळत नसते. पटलं. झोपून जादू येत असती तर शिवाजी पेठेतल्या सगळ्या दुकानदारांना आली असती.

ठराव: जादूचे नियम स्वतः लिहिणार. याच आठवड्यात.

९ ऑगस्ट.
लिहिले नाहीत. दुकानात गर्दी. (गिऱ्हाईक एकच, पण पंपाचा वॉशर घ्यायला आलं आणि बराच वेळ बसलं.)

१० ऑगस्ट, रविवार. सकाळ.
सुचलं! देवळात सुचलं. चातुर्मासात आमच्यातले, म्हणजे जैन, लोक नियम घेतात. कुणी हिरवी भाजी सोडतं, कुणी गोड. घेतला की घेतला, मग लग्नाच्या पंगतीतसुद्धा मोडत नाहीत. माझ्या जगात जादू अशीच मिळणार, काहीतरी सोडून. तेही पात्राने नाही, खेळणाऱ्याने, खरोखर. सोडलेली गोष्ट जेवढी जड, मंत्र तेवढा मोठा. नियम मोडला तर मंत्र टाकणाऱ्यावरच उलटणार. तपासणी नाही, साक्षीदार नाही. ज्याचं त्याने स्वतः सांगायचं. या शेवटच्या कलमाचा मला विशेष अभिमान आहे.

संध्याकाळ.
सगळ्यांना आवडलं. संयोगिताने मोबाइलवरची रीलं सोडली, तिला उजेड पाडायचा मंत्र. त्रिशलाने चहा सोडला, तिला जखम भरायचा. जोतीरामने खिशातली माव्याची पुडी, तंबाखू-सुपारीची, काढून टेबलावर ठेवली. आम्ही शाळेत एका बाकावर होतो तेव्हापासून त्याच्या गालात मावा आहे. डॉक्टरांनी सांगून झालं, त्याच्या आईने सांगून झालं, मी तर किती वेळा. ह्याचं काय देणार, म्हणाला. मी सगळ्यात मोठा दिला, वीज पाडायचा. बघू की मग, हाय काय अन् न्हाय काय, म्हणाला.

तेवढ्यात त्रिशलाने विचारलं, तुमचा तो खलनायक कालदंड, त्याची जादू कशावर चालणार? सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी तिथल्या तिथे मिसळ सोडली. त्रिशला म्हणाली, अहो, नक्की का? हे तिने दोनदा विचारलं. मला ते लागलं.

कालदंडाला मिळाला प्राण ओढायचा मंत्र. मुदत, त्याच्याशी शेवटची लढाई होईपर्यंत. सगळ्यांनी हात जोडून नियम घेतला.

१२ ऑगस्ट.
मिसळीची आठवणसुद्धा नाही.

१३ ऑगस्ट.
आठवण आली. पण तटस्थपणे.

१५ ऑगस्ट.
सकाळी चालायला जायचा रस्ता बदलला. नवा रस्ता मिसळवाल्याच्या दारावरून जातो. मोह समोर नसेल तर त्याला जिंकणार कसं?

१७ ऑगस्ट, रविवार.
आत जाऊन बसलो. फक्त चहा घेतला. वास येत होता, पण वास घेण्यावर नियमात काही नाही. दुपारी खेळ छान झाला. कालदंड भलताच दरारा बाळगून आहे. त्यागाचं तेज असतं.

१९ ऑगस्ट.
एक मूलभूत प्रश्न. मिसळ म्हणजे काय? फरसाण नसेल तर ती मटकीची उसळ. मी आज फरसाण न घालता मागवली. कट, पाव, वर दही. उसळ मी सोडलेली नाही. उसळ घरीही होते.
दही अप्रतिम होतं. मालकाला विचारलं, तर बावड्यावरनं येतंय म्हणाला.

२२ ऑगस्ट.
नियमांत भर: कलमाचा अर्थ लावायचा अधिकार गेममास्तरचा. हे सकाळी लिहिलं. नंतर फरसाण घालून खाल्ली.

२४ ऑगस्ट, रविवार.
आज भैरोजीने पहिल्यांदा वीज पाडली. तीन राक्षस जागेवर. संयोगिता टाळ्या वाजवत उठली. मावा सुटल्याने जोतीरामला रात्री झोप लागत नाही, दिवसभर बडीशेप चघळतो. तोंडाला चव आलीया म्हणाला, आईच्या आमटीत मीठ जास्त असतंय हे आत्ता कळलं. सगळे हसले. मी नकाशाकडे बघत बसलो. नकाशात बघण्यासारखं काही नव्हतं.

उद्यापासून बंद. पूर्ण.

२६ ऑगस्ट.
आजपासून बंद. कालचा दिवस तयारीचा होता.

२७ ऑगस्ट, बुधवार.
घरोघरी गणपती यायचा दिवस, आणि अशा गडबडीत जोतीरामची आई, बाळाबाई मावशी, बावड्याहून दुकानात आली. पिशवीत तुपाचा डबा. माझ्या हातात ठेवून म्हणाली, बाबा, जे ह्याच्या बापाला जमलं न्हाय ते तुझ्या खेळानं केलं. त्यो सांगतोय, श्रीपालनं मिसळ सोडलीया, मग मी मावा सोडायला काय झालंय. पोरगं असंच ऱ्हायलं तर वाडीला जाऊन दत्ताला तुझ्या नावानं पेढं ठेवणार हाय, म्हणाली.
माझ्या नावाने! मी डबा घेतला. नको म्हटलं असतं तर का म्हणून विचारलं असतं. दुपारी जेवणात तूप वाढलं तेव्हा पोट बरं नाही असं सांगितलं.

२८ ऑगस्ट.
दशलक्षण पर्व सुरू. त्रिशलाचं एकवेळ जेवण. आता कांदा नाही, बटाटा नाही, मिसळीचा तर प्रश्नच नाही. देवळात बसून मन लावून ऐकलं. मी मुळात संयमीच आहे, सवयी मला वरून लागलेल्या आहेत.

३० ऑगस्ट.
कांदा वगळून द्यायला सांगितलं.

३१ ऑगस्ट, रविवार. संध्याकाळ.
शेवटची लढाई झाली.
भैरोजी आणि कालदंड समोरासमोर. मंत्र टाकायची पाळी माझी. माझ्याच नियमाप्रमाणे मंत्र कालदंडावर उलटायला हवा होता. मला माहीत होतं. खरंतर एकट्या मलाच माहीत होतं. उलटला म्हणालो असतो तर तिघांनीही विचारलं असतं, का उलटला? मी फासे टाकले. आयुष्यात कधी पडले नाहीत इतके चांगले पडले.

त्रिशलाला मी म्हणालो, भर त्याची जखम, मंत्र आहे तुझ्याकडे. ती नुसती नकाराची मान हलवत राहिली. अख्खी टोळी मरते ती अशी, असं मी मोठ्या आवाजात म्हणालो. भैरोजी मेला.

जोतीरामने फासे पुसून पिशवीत भरले. झालं मग, सुटलो की नियमातनं, म्हणाला आणि जिना उतरला.
तो कुठे गेला असेल ते मला माहीत आहे. कोपऱ्यावर पानटपरी आहे. मी खिडकीतून बघू शकलो असतो. बघितलं नाही.

२ सप्टेंबर.
वाईट वाटतं. साधं सरळ वाईट वाटतं. एका प्लेटीसाठी. (प्लेटींसाठी.)
उपाय: भैरोजीला भूत म्हणून परत आणायचं. भुताला मावा वर्ज्य. कलम तयार.

४ सप्टेंबर.
भुताचं कलम संयोगिताला फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं, मेलेल्या माणसाने काय सोडायचं? कलम फाडलं.
ठराव: बावड्याला जाऊन जोतीरामला सरळ सांगणार.

५ सप्टेंबर.
बावड्याला गेलतो. साखर कारखान्यापर्यंत. तिथून ढग दिसले म्हणून परतलो.

८ सप्टेंबर, सोमवार. सकाळ.
क्षमावाणी! आज सगळ्यांनी सगळ्यांची क्षमा मागायची असते. हे मला आधी कसं सुचलं नाही? वर्षभरातलं कळत-नकळत जे काही घडलं ते सगळं यात आलं. वेगळं नाव घ्यायची गरज नाही. नातेवाईक, मित्र, पंप कंपनीचा एजंट, सगळ्यांना एकच मेसेज: मन दुखावलं असल्यास उत्तम क्षमा. जोतीरामला तर सगळ्यात आधी. त्याचं उत्तर आलं, हात जोडल्याचं चित्र. संपला विषय. हलकं वाटतंय.

दुपार.
नाही वाटत हलकं. त्रिशला समोर येऊन हात जोडून उभी राहिली. म्हणाली, मी बहिणीकडे गेले होते तेव्हा तिने हातात कप दिला आणि मी घोटभर चहा प्यायले. नियम मोडला म्हणून त्या दिवशी जखम भरायचा मंत्र वापरला नाही. माझ्यामुळे भैरोजी मेला. जोतीरामभावजींचीही फोन करून क्षमा मागितली.
घोटभर चहासाठी! आणि मी तिच्यावर ओरडलो होतो.
यावर मी काय केलं? मोठ्या मनाने तिला क्षमा केली. वर म्हणालो, पुढच्या वेळी जप. हे लिहितानासुद्धा कान तापले आहेत.

१२ सप्टेंबर.
रविवारी सांगणार. सगळ्यांसमोर. भाषण तयार. सुरुवात छान आहे, मधला भाग, म्हणजे मिसळीचा, अजून जमत नाही.

१४ सप्टेंबर, रविवार. सकाळ.
आज सांगायचंच. रिकाम्या पोटी इतकं मोठं सत्य बोलता येत नाही, म्हणून आधी मिसळवाल्याकडे गेलो. मुदत संपली आहे, म्हणजे आजची कायदेशीर. दही घालून मागवली.

भटारखान्यातून दह्याची कासंडी घेऊन जोतीराम बाहेर आला.

बावड्याचं दही म्हणजे जोतीरामच्या डेअरीचं, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. रोज सकाळी तोच पोचवतो. कासंडी खाली ठेवून समोर बसला. मी भाषण सुरू केलं, मित्रा, मानवी मन हे, एवढ्यावर त्याने थांबवलं. ऱ्हाऊ दे, म्हणाला. उसळ मागवलीस त्या दिवसापास्नं बघतोय मी आतनं. कांदा काढाय सांगितलास तवा तर मालक बी हसला.

मग लढाईच्या दिवशी बोलला का नाहीस, मी विचारलं. जोतीराम माझ्या ताटाकडे बघत राहिला. वाट बघत हुतो की, म्हणाला. मंत्र उलटला म्हणशील, असं वाटलं हुतं मला.

मी हातातला पाव ताटात ठेवला.

शेवटी धीर करून माव्याचं विचारलं. खिशातून बडीशेप काढून दाखवली. न्हाय खाल्ला, म्हणाला. पयला नियम भैरोजीचा हुता, आता माझा हाय. तू मोडलास म्हणून मी कशापायी मोडू? मग आठवल्यासारखं करून दुसऱ्या खिशातून कागदात बांधलेला पेढा काढला आणि मिसळीच्या ताटाशेजारी ठेवला. आई गुरवारी वाडीला जाऊन आली, तुझ्या नावाचा हाय, म्हणाला आणि कासंडी उचलून निघाला.
मिसळ तशीच राहिली. पेढा खिशात आहे.

संध्याकाळ.
माडीवर गेलो तर मिसळीचं तिघांनाही कळलेलं, आणि माझ्या खुर्चीत त्रिशला. बहुमताने. पेढ्याचे चार भाग तिनेच केले. कालदंडाचा मंत्र उशिरा का होईना उलटला, भैरोजी उठून बसला. मला नवं पात्र मिळालं, सामान वाहणारा हमाल. मंत्र हवा असेल तर काहीतरी सोडा, म्हणाली. मी लगेच मिसळ म्हणालो. तिघंही एकदम नको म्हणाले. झेपेल असं सोडा, त्रिशला म्हणाली.
मी कारलं सोडलं. मला ते लहानपणापासून आवडत नाही. मंत्र मिळाला, ओली काडी पेटवायचा.

दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो. ताटात कारल्याची भाजी. त्रिशला बघत होती. नको म्हणायचं धाडस झालं नाही, खाल्ली.
काडीसुद्धा गेली.