चोवीस अभिप्राय

३ फेब्रुवारी
आमच्या प्रशिक्षण संस्थेत टॅब आले. प्रत्येकाला एक. मोटरचं वाइंडिंग आता बोट सरकवून शिकायचं — तारेची गुंडाळी आपोआप भरते, वर टाळ्या वाजतात! आमचे वाइंडिंगचे सर बाजूला उभे राहून बघत होते. म्हणाले, "छान आहे. फक्त यात मोटर जळत नाही."
पहाटे पाचला ऑफिसं झाडायची, दुपारी हे. अडतिसाव्या वर्षी विद्यार्थिनी व्हायची हौस कुणाची? माझीच.

५ फेब्रुवारी
काही नाही. पाठ भरून आलीय.

१० फेब्रुवारी
कार्यशाळेत आज माझी पहिली खरी मोटर. मोजून वेढे घातले, तार ओढताना बोटं सोलली. चालू केली — भसकन धूर! सर ओरडले नाहीत. म्हणाले, "वास घ्या. हा विसरायचा नाही." मग सगळं उलगडायला लावलं. एका वेढ्यावरचं वार्निश खरवडलं गेलं होतं. डोळ्यांना दिसलंच नव्हतं, नखाला लागलं. मी शोधलं ते! सर नुसते हसले.
घरी आले तर सासूबाई म्हणाल्या, "काय जाळून आलीस?" मी खुळ्यासारखी खूश होते.

१३ फेब्रुवारी
"डिजिटल तंत्रज्ञानाबद्दल विद्यार्थ्यांचं मत" — सतरा प्रश्नांचा फॉर्म. आमच्या वर्गात असली कामं पाळीने होतात. सगळ्यांचे पासवर्ड कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेत. ज्याची पाळी, त्याने चोवीस जणांचं भरायचं, बाकीच्यांनी सुटायचं. आज पाळी माझी.
पहिले दोन फॉर्म नीट वाचले. मग कुठलं वाचन! सगळीकडे "पूर्ण सहमत". नंतर त्या पहिल्या दोन फॉर्मांचंही तेच करून टाकलं, वेगळं दिसायला नको. "कार्यशाळेऐवजी घरून टॅबवर शिकायला आवडेल" — त्यालाही तेच. डोळे मिटत होते.

२४ फेब्रुवारी
सूचनाफलकावर कागद लागलाय. विद्यार्थ्यांच्या एकमुखी पसंतीमुळे पुढच्या महिन्यापासून वाइंडिंगची कार्यशाळा बंद. सरांना भांडारात नोंदी ठेवायचं काम.
एकमुखी! ते एक मुख माझं. शेजारच्या बाकावरची चष्मेवाली म्हणते, "असू दे गं. तुला काय फासावर देणार आहेत?"

२५ फेब्रुवारी
सर हत्यारं पुसून खोक्यात भरत होते. एकेक. माझ्याच्याने आत जाववलं नाही.

२७ फेब्रुवारी
प्राचार्यांकडे गेले आणि सांगून टाकलं. चोवीसच्या चोवीस मी भरले. "मला काढून टाका, पण कार्यशाळा बंद करू नका." ते म्हणाले, "सोमवारी पुन्हा भरून घेऊ. माझ्यासमोर, ज्याचं त्याने. नावं दिसणार नाहीत. जे येईल ते शेवटचं."
बाहेर सर भेटले. त्यांच्या कानावर गेलंच होतं. "एवढं अंगावर कशाला घेतलंत बाई?" म्हणाले. पण खोक्यातली दोन हत्यारं काढून पुन्हा भिंतीवर टांगली होती. किती दिवसांनी छातीवरचं ओझं उतरलं. चष्मेवाली म्हणाली, "आता आम्हीपण मनापासून भरू हं!"

२ मार्च
फॉर्म भरले. प्राचार्य बाकांमधून फेऱ्या मारत होते.
सकाळी दोन मजले जास्तीचे झाडले, जोडीदारीण आलीच नाही. सासूबाईंना रात्रभर खोकला, म्हणजे मलाही जागरण. बसल्या बसल्या पेंग येत होती. मग तो घरून शिकायचा प्रश्न आला. घरून म्हणजे दुपारी दोन तास आडवं पडायला मिळेल. नुसतं पडायला! कोणी हाक मारणार नाही.
भरला आणि निघाले. सर दारातच होते. मी चप्पल शोधत खाली बघत राहिले.

५ मार्च
निकाल लागला. घरून शिकायच्या प्रश्नाला चोवीसपैकी चोवीस — "पूर्ण सहमत".
या वेळी मी फक्त माझाच भरला होता.