दीपकचा ट्रॅक आणि माझी पेटी

३ नोव्हेंबर
धुळ्याच्या नाट्यस्पर्धेत यंदा लाइव्ह पेटी नाही. दिग्दर्शक दीपकने तालमीत सगळ्यांसमोर जाहीर केलं. संगीत लॅपटॉपवरून, ट्रॅक म्हणे. बावीस वर्षं मी या संस्थेच्या विंगेत पेटी घेऊन बसलो, आणि हा कालचा पोरगा मला सांगतो, "काका, रिस्क नको." म्हणजे मी रिस्क. तबलजी नूर महंमदला पडद्याची दोरी दिली, तर तो मलाच समजावतो, "भाऊ, आते बठ्ठीकडे असंच चाली राह्यनं." सगळीकडे असंच चाललंय म्हणे. याला कशाचंच काही नाही.
ठराव: दीपकशी बोलणं बंद.

४ नोव्हेंबर, सकाळी ६
रोज पहाटे रियाज करायचा. आज संतापाने बोटं आखडली आहेत. उद्यापासून.

६ नोव्हेंबर
दीपकचा फोन. उचलला, कारण न उचलणं असभ्य. ट्रॅकमध्ये पेटी माझीच हवी म्हणाला. जळगावात दुसरं आहे कोण?
बोदवडचा प्रयोग आठवला. दुसऱ्या अंकात लाइट गेली. शिट्ट्या सुरू. आमच्या गाणाऱ्या नायिकेने, मोहिनीने, अंधारातच पद उचललं आणि मी पेटीवर तिला असं धरलं की कोणी जागचं हललं नाही. तो प्रयोग माझ्या पेटीने तारला. लोक नंतर मोहिनीलाच भेटायला आले, पण लोकांना काय कळतं. रावेरला ती एक कडवं विसरून थेट तिसऱ्यावर गेली. तिच्याबरोबर मीही. पापणी लवायच्या आत. लॅपटॉपला जमेल?

९ नोव्हेंबर
रेकॉर्डिंग. काचेच्या खोलीत एकटा, कानात हेडफोनमधून तालाची टिकटिक. एकोणीस टेक. एसीची घरघर, खुर्ची बुटकी, माणसाने वाजवायचं कसं? दीपक हळूच म्हणाला, "काका, तुम्ही मोहिनीताईंची वाट बघत थांबता का?" इतका राग आला की भाता खाडकन बंद केला. मी कशाला थांबू? बावीस वर्षं ती माझ्या मागून गाते.

१२ नोव्हेंबर
ट्रॅकमध्ये कीबोर्ड घातला. माझा एकही टेक नाही. नालायक लोक.

१५ नोव्हेंबर
मोहिनी ट्रॅकबरोबर गायली. चांगली गायली. फार वाईट वाटलं, इथे खोटं कशाला लिहू. मग लक्षात आलं, तिला आतून त्रास होत असणार.
ठराव: धुळ्याला पेटी घेऊनच जायचं. ऐन प्रयोगात लॅपटॉप बंद पडणार, हे आजच लिहून ठेवतो.
रियाज सोमवारपासून.

२१ नोव्हेंबर, धुळे, दुपारी ३
एसटीत पेटी मांडीवर. कंडक्टरने तिचंही तिकीट फाडलं. वाद घातला, तिकीट घेतलं. विंगेत नेहमीच्या जागी बसलोय. दीपकने पाहिलं, लॅपटॉपच्या वायरी तपासायला गेला. घाबरला.

संध्याकाळी ७
बंद पडला. ऐन पदाच्या तोंडाशी. दीपक बटणं बडवतोय. मोहिनीने माझ्याकडे पाहिलं. मी पेटी उघडून तयार, बोटं पट्ट्यांवर. ती उचलेल म्हणून मी थांबलो. मी सुरू करेन म्हणून ती थांबली. नूर महंमद कुजबुजला, "भाऊ, तू सुरू कर ना." बोटं हलेनात. सभागृहात चिडीचूप. अख्खं मिनिट. मग तो दळभद्री लॅपटॉप चालू झाला आणि ती गायली.
चूक तिची. तिने उचलायला हवं होतं. ती नेहमी उचलते.

२३ नोव्हेंबर, जळगाव
निकाल. पार्श्वसंगीताचं पहिलं बक्षीस आमच्या नाटकाला. परीक्षकांनी लिहिलंय, पदाआधीची ती दीर्घ शांतता हा संगीताचा सर्वांत धाडसी वापर. प्रमाणपत्र दीपकच्या नावावर. डोकं फिरलं. ती शांतता माझी होती. पेटी उघडून, जिवाच्या आकांताने, ती मी केली होती.
दीपकला फोन लावला, चांगला झापायला. तो म्हणाला, "काका, पुढच्या फेरीला या. विंगेत तिथेच बसा. मोहिनीताईंना तिकडे बघायची सवय आहे." पेटी आणली नाही तरी चालेल म्हणाला.
हो म्हणालो.