ओढ्याकाठचा वाकडा पट्टा

४ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

आईने विणलेला स्वेटर पोचला. बाही दोन सेंटिमीटर लांब आहे. तिला सांगू नका.

कामाचं विचारलं होतंत. आपला देश आणि शेजारचा देश, गेल्या तीस वर्षांत कुणाचं जंगल किती गेलं, ते उपग्रहाच्या चित्रांवरून मोजते आहे. सध्या आपलं शंभरात नऊ, त्यांचं सतरा. आमचे साहेब इतके खूश आहेत, जणू झाडं त्यांनीच वाढवली. मी नाही. लावलेली झाडं आपण जंगलात धरतो, शेजारी धरत नाहीत. दोघांना एकच माप हवं, म्हणून लागवड वेगळी काढते आहे.

सुरुवात तोडीसाठी आखलेल्या तुमच्या चौदा नंबरच्या तुकड्यापासून, म्हणजे कूपापासून केली. तुम्ही तिथे वनपाल होतात, नोंदवहीही तुमच्याच हातची. वही सांगते, जुनं जंगल पूर्ण तोडलं, सगळीकडे निलगिरी लावली. पण ओढ्याकाठचा एक वाकडा पट्टा दर उन्हाळ्यात पानं गाळतो. निलगिरी तसं करत नाही. चूक माझी की वहीची?

लोभ आहे तेवढा राहू द्यावा.
तुमची काटेकोर

११ मार्च

चि. काटेकोरबाईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

बाहीचं आईला सांगितलं. ती म्हणाली, कार्टीला बाही मोजायला वेळ आहे, घरी यायला नाही.

तुझा उपग्रह माझ्यासारखाच म्हातारा झाला असेल, दिसत नसेल त्याला नीट. चौदा नंबर सोड, बाकीचे कूप बघ. दारावरचं पदक त्याच लागवडीचं, हे विसरलीस का? आई रोज पुसते ते. इकडे माझा गुडघा सोडून सगळे मजेत.

प्रकृतीला जप. आमच्यावरची माया मोजत बसू नकोस.
बाबा

१६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सगळ्याचं उत्तर दिलंत, प्रश्नाचं सोडून.

अठ्ठावीस उन्हाळ्यांची चित्रं पाहिली. पट्टा आहे. लागवड वेगळी काढल्यावर आपलं नुकसान एकवीस होतं, शेजाऱ्यांचं सतराच राहतं. साहेबांनी तोंड वाकडं केलं, पण मानलं.

अहवाल पंचवीसला जातो. जे दिसतं तेच मी लिहिणार. फक्त वहीतल्या तुमच्या सहीच्या विरुद्ध लिहिण्याआधी तुम्हाला विचारायला हवं, म्हणून विचारते आहे.

राग आला तरी उत्तर लिहावं.
तुमची काटेकोर

२० मार्च

चि. बाळीस,
आशीर्वाद.

राग नाही. हुकूम सगळं तोडण्याचा होता. काठ उघडा पडला असता तर ओढा दोन वर्षांत आटला असता. मी मजुरांना पट्टा सोडायला सांगितलं आणि वहीत ‘तोडला’ असं लिहिलं. साऱ्या नोकरीतली एकच खोटी नोंद, आणि पदक नेमकं त्याच पानाला मिळालं. पाहणीला आलेला एकही साहेब ओढ्यापर्यंत चालला नाही. वाटलं होतं, ही गोष्ट माझ्याबरोबरच जाईल. तू वरून आलीस!

बिनधास्त लिही. पदक मी उतरवलंय. त्या खिळ्याला आईने लगेच पिशवी अडकवली.

तुझ्या कामाचा अभिमान वाटतो, हे एकदाच लिहितो.
बाबा

२६ मार्च

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

अहवाल गेला. आपले एकवीस, त्यांचे सतरा. तुमचा पट्टा जेमतेम दोन हेक्टर. त्याने आकडा तसूभरही हलत नाही. तरी तळटीप दिली: ‘हा भाग नोंदीत तोडलेला, प्रत्यक्षात उभा. माहिती : तेथील वनपाल.’ साहेबांनी विचारलं, आकडा बदलत नाही तर तळटीप कशाला? मी सांगितलं, खरी आहे म्हणून.

पदक पुन्हा लावा, पिशवीला दुसरा खिळा मारा.

शनिवारी येते. पट्टा जमिनीवर मोजायचा आहे. टेपचं एक टोक तुम्ही धरा. गुडघ्यासाठी वाटेत दोनदा बसू. आईला सांगा, बाही एकदा दुमडली की बरोबर बसते.

लोभ वाढला तरी हरकत नाही.
तुमची काटेकोर