लिम अंकलची भिंत

शनिवार, ८ मार्च
लिम अंकलच्या घराला आज पुन्हा रंग. वर्षभरात तिसऱ्यांदा. आधीचा पिवळा चांगला होता, आता हिरवा. पण कंपनीच्या लोकांना सेवादिनाला काम हवं, आणि इथे सिंगापुरात, बुकित पंजांगला, आमची संस्था सांभाळते त्या एकट्या म्हाताऱ्यांत 'या' म्हणणारे थोडेच. पाया लेबारच्या ऑफिसातून पंधरा जण आले, सगळे एकसारख्या टी-शर्टात. घर एका खोलीचं. निम्मे बाहेर कॉरिडॉरमध्ये उभे.
रंग बिनवासाचा, मान्य. पण आधी भिंत घासली, त्याची धूळ. अंकलना म्हटलं, खाली बाकावर जाऊन बसा. गेले नाहीत. पाहुण्यांना कॉफी कोण देणार म्हणे. कप चारच. धुऊन धुऊन दिले.

सोमवार, १० मार्च
अंकलच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख शुक्रवारी, नोव्हेनाच्या हॉस्पिटलात. दुसरा डोळा कधीच गेलाय, हाच एक. सोबत माणूस नसेल तर हॉस्पिटल हात लावत नाही.
कंपनीकडे त्या पंधरांतला एक मागितला. सेवाकामाचं अनुजा बघते. नागपूरची, कामसू मुलगी. "काकू, वर्किंग डेला नाही जमणार. आणि आमच्याकडे ग्रुपनेच यायचं असतं."
मीच जाते.

शुक्रवार, १४ मार्च
हॉस्पिटलने परत पाठवलं. शनिवारपासून अंकलना खोकला, छातीत घरघर. डोळा उघडा असताना ढास लागली तर डोळा जाईल, डॉक्टर म्हणाले. घरात धूळ वगैरे? रंग दिला, म्हटलं. कुणी दिला?
आम्ही.
नवी तारीख जूनमधली. तोवर मोतीबिंदू आणखी पिकणार.
एमआरटीच्या गाडीने परत. अंकलनी माझीच समजूत काढली. "नेव्हर माइंड, मॅडम. यू ऑल्सो टायर्ड." संताप आला. काढायचा कुणावर?

बुधवार, १९ मार्च
अनुजाला स्पष्ट सांगितलं. यापुढे रंग नको. दोघं दोघं या, अंकलशी पत्ते खेळा, दवाखान्यात न्या.
"कळतं हो काकू. पण पत्ते खेळलो म्हणून वर काय पाठवू? भिंत दाखवता तरी येते."
उद्धटपणे म्हणाली असं नाही. तिच्याही डोक्यावर कुणीतरी आहे.
संध्याकाळी संस्थेच्या समितीत विषय काढला. अध्यक्षांनी एवढंच विचारलं, आपल्या जागेचं भाडं कोण भरतं? कंपनी. त्याच जागेतून बाकीच्या म्हाताऱ्यांचे डबे जातात. ते बंद करू का?
विषय मागे घेतला. मला सवय नाही माघार घ्यायची.

मंगळवार, २२ एप्रिल
अनुजाचा मेसेज. पुढचा सेवादिन जूनमध्ये. ऑपरेशनच्या बरोबर आदल्या आठवड्यात. 'तेच अंकल द्या ना प्लीज, फोटोत काय गोड हसतात.'
दुसरं घर शोधलं. तिघांना विचारलं, तिघांचा नकार. त्यांना अक्कल आहे.

गुरुवार, २४ एप्रिल
अंकलकडे जाऊन आले. खोकला कमी. म्हटलं, या वेळी मंडळींना 'येऊ नका' असं कळवते, भाड्याचं काय ते मी बघीन. (काय बघणार, देव जाणे.)
मला वाटलं, सुटल्यासारखं वाटेल त्यांना. तर चेहराच उतरला. "डोन्ट कॅन्सल, मॅडम. माय हाउस, फिफ्टीन पीपल." त्यांच्या चिनी नववर्षालाही कुणी फिरकलं नव्हतं, तेव्हा मीच शकुनाची संत्री घेऊन गेले होते.
डोळ्याचं काय, म्हटलं. "आय कॅन वेट. दे कॅनॉट, लाह."
दटावलं. हसले. टेबलाखाली खोका दिसला. नवे कप, पंधरांना पुरतील एवढे.
निघताना दारात विचारलं त्यांनी, या वेळी कुठला रंग? आत्ताचा हिरवा आहे की निळा, तेही त्यांना नीट दिसत नाही.
निळा, म्हटलं.
अनुजाला अजून काही कळवलेलं नाही.