बांगडीचं माप

महाड, गुरुवार, १६ डिसेंबर १९९९

गेल्या महिन्यात माधवीला बांगड्या भरताना कासार थांबला होता. "बाई, ह्या मापाच्या मी पाचवीतल्या पोरींना भरतो. ही दहावीत हाय ना?" मी हसून विषय बदलला. का हसले मी?

सोमवार, चतुर्थी, मार्गशीर्षातले गुरुवार. पोरगी उपवास वाढवत गेली आणि मी, तिची आई, सगळ्यांना कौतुकाने सांगत राहिले. शाळेत शिकवताना वर्गातल्या चाळीस मुलांच्या चुका मला दिसतात. घरात मात्र बांगडीचं माप कासाराला कळलं, मला नाही.

परवा पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हा हट्ट नाही, मनाचा आजार आहे. आरशात ती स्वतःला जाडच दिसते. पाळी थांबलीय, उद्या हृदयावरही येऊ शकतं. रागावू नका, सोबत बसून जेवा.

आज दुपारी ताट वाढलं तर म्हणाली, "आई, तुझा उपवास आहे. मग मीच का जेवू?"

इतक्या वर्षांचा गुरुवार मोडून मी माझ्या पानात भात वाढून घेतला. ती बघतच राहिली. मग रडत रडत चार घास खाल्ले तिने. घास उचलताना बांगडी कोपरापर्यंत घसरत होती.

संध्याकाळी शेजारच्या काकू हळदीकुंकवाला आल्या. "माधवीचा पण उपवास असंल ना गो?"

"नाही, काकू. ती आजारी आहे. आणि मीही आज जेवले."

आतला बांगड्यांचा आवाज थांबला. ऐकलं तिने.