हलू नका

५ ऑगस्ट, सोमवार
आले एकदाची! भिवपुरी स्टेशनवरून रिक्षाने वाडीच्या तोंडापर्यंत, पुढे ट्रायपॉड खांद्यावर टाकून चिखल तुडवत. इतकी वर्षं लग्नांत "वहिनी, हसा, हलू नका" ओरडून माझा घसा बसलाय. धबधब्याला हसायला सांगावं लागत नाही, हे काय थोडं सुख आहे? सुनंदाताईंनी पडवीतली खोली दिली, वर नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी. घरामागे ओढा, वर घळ, घळीत धबधबा आणि त्याखाली काळा डोह. रविवारी ऋतिका येईल, माझी बहीण. धाकटीचं लग्न ठरलंय, तिला इथेच फोटो हवेत. तोवर जागा हेरून ठेवते.

६ ऑगस्ट
इथली एक गंमत. डोहावर धुणं धुताना बायका सारखे पाय हलवतात. विचारलं तर सुनंदाताई म्हणाल्या, "हितं उभं नाय राहायचं, ताई. आमी पानी पन चालता चालता भरतो." का, ते त्यांनाही माहीत नाही. सासू करायची म्हणून त्या करतात. मग मीही डुलत डुलत चहा प्यायले. बायका हसून बेजार झाल्या.
दुपारी लेन्सला काळी काच लावून फोटो काढले. शटर बराच वेळ उघडं राहतं, त्यामुळे पाणी सायीसारखं दिसतं आणि हलणारी माणसं पुसली जातात. धुणाऱ्या बायकांतली एकही उमटली नाही. जो स्थिर राहील तोच फोटोत उरतो.

७ ऑगस्ट
ऋतिकाला कुठे उभं करायचं ते बघायला टायमर लावून मीच डोहातल्या खडकावर उभी राहिले. पापणीसुद्धा हलवली नाही. फोटो झकास आला, निळा रेनकोट काय खुलून दिसतोय! मधेच पायाशी पाणी थांबल्यासारखं वाटलं, तेवढंच. सुनंदाताईंना बोलले नाही, उगाच रागावतील.

८ ऑगस्ट
आज रिकाम्या डोहाचा फोटो घेतला. मी कॅमेऱ्यामागे होते. फोटोत खडकावर निळा रेनकोट. कालचाच फोटो असेल म्हणून पुसला, पुन्हा काढला. पुन्हा तीच, आणि आता तोंड माझ्याकडे. डोळ्यांनी पाहावं तर खडक मोकळा. मला भीती वाटतेय, सरळ लिहिते, फार वाटतेय.

९ ऑगस्ट
सेल्फीत माझ्या चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा फराटा. श्वास रोखून काढला तरी तेच.
मी उंबऱ्यावर बसलेली, आणि सुनंदाताईंचा नवरा शुक्रा त्यांना विचारत होता, पाहुणी कुठं गेली म्हणून. मी ओरडून ओरडून सुनंदाताईंना सगळं सांगितलं. त्यांना थोडं ऐकू आलं असावं. "उभ्या ऱ्हायलात, ताई?" एवढं म्हणाल्या. पण बघत होत्या माझ्या पलीकडच्या भिंतीकडे.

१० ऑगस्ट
ऋतिकाचा फोन. येऊ नकोस, म्हटलं. किती वेळा म्हटलं. तिला फक्त पाणी ऐकू येत होतं. ताई, धबधब्याजवळ आहेस वाटतं, उद्या येतेच, म्हणाली आणि ठेवला.
मेसेज करायला गेले तर आता स्क्रीनला माझं बोट कळत नाही. स्टेशनकडे निघाले तर पाय उताराने ओढ्याकडेच वळतात.
खडकावरची आता कॅमेऱ्याशिवायही दिसते.

११ ऑगस्ट
पेन हातात राहतंय, पण शाई पसरते —
ऋतिका आली. सुनंदाताईंनी अडवलं. ती हसली, ताई तर समोर उभी आहे, म्हणाली. खडकाकडे हात हलवला.
मी आडवी गेले. तिने तोंडावरचं पाणी पुसलं फक्त —
कॅमेरा माझ्याच ट्रायपॉडवर. टायमर लावलाय तिने.
खडकावर चढली. त्या निळ्या रेनकोटवालीच्या शेजारी. ती माझ्या आवाजात बोलतेय, मी नवरीमुलींशी बोलते त्या गोड आवाजात — हस, राणी. हलू नकोस —
ऋतिका, पाय हलव गं. एकच पाय. ऋतिका, हल