पायाखालचा थर

४ मार्च, सोमवार

फरशीचं काम आलं! डोळ्यांच्या हॉस्पिटलात जमिनीवर पट्ट्या चिकटवायच्या. पिवळी तपासणीकडे, निळी ऑपरेशनकडे, हिरवी बाहेर. मेट्रनबाई म्हणाल्या, डोळ्यांत थेंब घातले की माणसाला भिंतीवरची पाटी वाचता येत नाही, पण पायाखालचा रंग तेवढा दिसतो. तो पट्टी धरून चालत राहतो. मला हे फार आवडलं. आयुष्यभर लोकांच्या डोक्यावर पाट्या टांगल्या, आता पायाखाली जायचं.

त्यांनी एकच विचारलं. आम्ही सारखं पुसतो, ओल्यात कुणी घसरणार नाही ना? मी म्हटलं, नमुना आणते, तुम्हीच चालून बघा.

घरी येते तो चिरंजीवांनी सासऱ्यांना फोन लावलेला. म्हणजे आमचे व्याही — पट्टीचं रंगीत चिकट व्हिनाईल आणि त्यावर बसवायचं पारदर्शक लॅमिनेट, दोन्हींचे व्यापारी. लग्न ठरलं तेव्हा सगळे हसले होते की मुलगी रोलसकट येते. आता दुकानातल्या मांडणीवर खालपासून वरपर्यंत त्यांचेच रोल. दुसऱ्या कुणाचा शिरायला फट नाही.

६ मार्च, बुधवार

आज फळीवर दोन तुकडे चिकटवले. एकावर व्याह्यांचं लॅमिनेट, दुसऱ्यावर बाजारातून गुपचूप आणलेलं खरखरीत — मांजराच्या जिभेसारखं. दोन्ही ओले केले. दोन्हींवर एकेक चप्पल, चपलेत पाण्याची भरलेली बाटली. मग फळी एका बाजूनं हळूहळू उचलत गेले. व्याह्यांच्या तुकड्यावरची चप्पल म्हणता म्हणता सुटली. दुसरी, माझा हात भरून आला तरी ढिम्म.

व्हिनाईलचंही असंच. एक लाटून पातळ केलेलं असतं, एक ओतून पसरलेलं. लाटलेलं स्वस्त, पण ताणून मोठं केलेलं, ते कधीतरी आक्रसतंच. कडा उचलतात, त्यात मळ बसतो. ओतलेलं मुकाट पडून राहतं. हे मला कुणी शिकवलं नाही. आमचे हे गेल्यावर दुकान अंगावर आलं, रोल नासवत नासवत कळलं.

सून दारात उभी राहून बघत होती. काय चाललंय विचारलं नाही. तुझ्या वडलांच्या मालाची परीक्षा घेतेय हे मी तरी कोणत्या तोंडानं सांगणार? फळी उलटी करून भिंतीला लावली.

७ मार्च

मेट्रनबाई खरखरीत नमुन्यावर पाय ओले करून चालल्या. मागे, पुढे, मग मुद्दाम पाय घासत. "हेच हवं," म्हणाल्या. मी म्हटलं, हेच लागेल, माझा शब्द.

१० मार्च, रविवार

व्याही जेवायला. माणूस मोठा गोड. येताना सुनेसाठी फळं, माझ्यासाठी गुडघ्याला चोळायचं तेल. दुकानात फिरले, मांडणीवरून हात फिरवला, ती उलटी लावलेली फळीही उचलून पाहिली. खरखरीत बाजूवरून अंगठा ओढला आणि हसले — "विहीणबाई, पायाखाली घालायला एवढा थाट कशाला? नवरदेव चालणार आहे का त्यावरून?" सगळे हसले. मीही हसले. काय करते!

मी म्हटलं, फरशी ओली असते हो तिथे. तर म्हणाले, तुम्ही काळजीचं दुकान काढा, पाट्यांपेक्षा जास्त चालेल. मग आवाज जरा उतरवून चिरंजीवांना — घरचा माल सोडून बाहेर गेलात तर बाजारात लोक मला काय विचारतील?

झालं. पाचर बसली.

स्वयंपाकघरात चिरंजीव माझ्या मागे मागे. आई, नाही म्हटलं तर ते मला काही बोलणार नाहीत, हिला बोलतील. हिला आत्ता त्रास नको. खरंच आहे, सातवा लागलाय तिला. बाहेर ती वडलांना पाणी देत होती, आम्ही दोघं आत चोरासारखे कुजबुजत.

मग मीच तोड काढली. म्हटलं, पट्टीला दोन थर असतात. एक थर त्यांचा घे, एक आपण आणू तो. दोघांचंही मन राहील. चिरंजीवांच्या कपाळावरची आठी गेली. व्याही निघताना माझ्या पाया पडायचं नाटक करून गेले. मला वाटलं, काय शहाणी बाई मी!

११ मार्च

धाकट्या बहिणीला बरं नाही. आठवडाभर तिच्याकडे जाऊन येते. काम तोवर सुरू होईल.

१८ मार्च, सोमवार

परत आले. काम पूर्ण! पिशवी ठेवली आणि तशीच हॉस्पिटलात.

दारातून बघितलं तर डोळे निवले. तीन रंग सरळ गेलेले, वळणावर नेमके वळलेले, कुठे बुडबुडा नाही, सुरकुती नाही. चिरंजीवांचा हात बसलाय. मग वरचा दिवा पट्टीत दिसला. नुसता उजेड नाही, अख्खा दिवा, आरशात दिसावा तसा.

खाली बसले. तळहात फिरवला. काच!

घरी येऊन विचारलं. तो आनंदानं सांगायला लागला. "तूच म्हणालीस ना, एक थर त्यांचा. चिकटायचं काम व्हिनाईलचं, म्हणून ते बाहेरून भारी आणलं, ओतलेलं. वरचं काय, नुसतं झाकण. ते घेतलं सासऱ्यांचं."

माझ्या मनात नेमकं उलटं होतं. खाली व्याही, वर माझं खरखरीत. इतकं उघड वाटलं की बोलायचंच राहिलं. आणि पोरानं जीव ओतून, माझीच शिकवण धरून, नातं नेमकं तिथे ठेवलं जिथे माणसाचा पाय पडतो. चिडायचं कुणावर?

१९ मार्च

त्याला फळी दाखवली. चप्पल सुटताना बघून त्याचा चेहरा उतरला. पट्ट्या काढू या म्हटलं. तो म्हणाला, काढायच्या तर मेट्रनबाईंना कारण सांगावं लागेल. नमुना एक दाखवला, काम दुसरं केलं — पुढे कोण उभं करील? आणि सासऱ्यांना काय सांगायचं, तुमच्या मालावर माणसं पडतील म्हणून उखडतोय?

"थोडे दिवस बघू, आई. कुणी पडलं नाहीये ना अजून."

मग वरती सुनेची चाहूल लागली आणि आम्ही दोघं एकदम हवापाण्यावर बोलायला लागलो. या घरात आता तिच्यासमोर बोलायला विषयच उरलेला नाही. ती आली की आमची तोंडं शिवल्यासारखी. माझं घर, माझं दुकान, आणि मला श्वास घ्यायला दाराबाहेर जावं लागतं.

२० मार्च

डोळे दाखवायच्या निमित्तानं हॉस्पिटलात. डोळ्यांना काही झालेलं नाही. बाकावर बसून राहिले. पुसणाऱ्या बाईंना म्हटलं, पट्टीवर पाणी कमी घाला हो. त्या म्हणाल्या, आजी, तुम्ही तपासणीला आलात की तपासायला?

२१ मार्च, गुरुवार

पुन्हा तिथेच. आज राखणच केली. फरशी ओली दिसली की मी येणाऱ्याला सांगायचे, अहो, कडेनं चला. माणूस बिचारा कडेला सरकायचा, दोन पावलं जायचा आणि परत पट्टीवर यायचा. कारण आत त्याला बजावलेलं असतं, पट्टी सोडू नका. त्याला दुसरं काही दिसतच नाही. माझं ऐकून जाणार कुठे?

दुपारी एक आजोबा आले, डोळ्याला पट्टी, लेकीचा हात धरून. निळ्यावरून हिरव्याकडे वळताना एक पाय पुढे सरकला तो सरकतच गेला. लेकीनं बगलेत धरलं म्हणून वाचले. ती घाबरून ओरडली, काय झालं बाबा?

"काही नाही गं. माझंच लक्ष नव्हतं."

मी बाकावर. चार हातांवर. लेक त्यांना रागावत होती — सांगते तरी खाली बघून चाला! ते तर खालीच बघत होते. तेवढंच बघत होते.

२२ मार्च

गेले नाही. दिवसभर फोन वाजला की आधी नंबर बघायचे, हॉस्पिटलचा तर नाही.

२३ मार्च, शनिवार

मेट्रनबाईंचा नंबर लावला. पहिली रिंग गेली आणि कापला.

काय सांगायचं ते पाठ केलं होतं. पण प्रत्येक वाक्य शेवटी सुनेपाशीच येऊन अडतं. माझ्या एका वाक्यानं तिचं माहेर तुटलं तर? बाळंतपणाला ती जाणार कुठे, कोणत्या तोंडानं? आणि नाही सांगितलं तर ते आजोबा. ते नाहीत तर दुसरे कुणी. मला वाटलं, दोन थरांच्या मधे मलाच घालून वरून रोलर फिरवलाय. हलायला जागा नाही. वरून मात्र कुठे सुरकुती दिसत नाही.

जेवले नाही. सून म्हणाली, आई, काय होतंय? म्हटलं, पित्त. पित्ताचं औषध आणून हातावर ठेवलं. घ्यावं लागलं!

२५ मार्च, सोमवार

सकाळी सून दुकानात उतरली, हातात तिचा हेअर ड्रायर. म्हणाली, गरम केल्यावर पट्ट्या सुटतात ना? म्हटलं, तुला कुणी सांगितलं? तेव्हा म्हणाली, "आई, फळीवरची चप्पल सुटली तेव्हा मी दारातच होते. बाबा स्वतःच्या दुकानाच्या पायऱ्यांना खरखरीतच लावतात. मी लहान असल्यापासून. मला एकदा विचारायचंत." मेट्रनबाईंशी तीच बोलली. त्या रागावल्यात, पण दुपारपर्यंत तो भाग बंद ठेवतायत. वडलांशीही तीच बोलली; काय ते सांगितलं नाही, डोळे लाल होते.

तिला वाकता येत नाही, मला खाली बसलं की उठता येत नाही. तरी दोघी निघतोय.